झोपलेल्या बायका आणि मालेगावचा घोडा

इरा आणि तन्मय,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू मालेगावला कशाला गेली होतीस?" मी तोंड उघडायच्या आत तुमच्या आईने उत्तर देऊन टाकलं, "विजयामावशीच्या फारसीच्या बाईंना भेटायला." ते खोटं नाही, पण तेवढंच असतं तर मी कागद घेऊन बसले नसते. बसले, कारण त्या एका दिवसाच्या आता तीन हकिकती झाल्या आहेत. एक माझी, एक विजयाची आणि एक आमची गाडी चालवणाऱ्या भाऊसाहेबांची. तिन्ही नाशकात मोकळ्या फिरत आहेत. परवा वाण्याच्या दुकानात एका बाईंनी मला माझाच प्रवास सांगितला आणि त्यात मी घोड्यावर बसले होते. आणखी महिनाभर थांबले तर मलाही ते आठवायला लागेल.

तुम्ही मालेगावला गेलेला नाहीत आणि मेलबर्नहून एवढ्यात जाल असं वाटत नाही. म्हणून नीट सांगते.

विजया तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आलात की चकल्यांचा डबा घेऊन येते ती. तिची सगळी हयात पंचवटीतल्या एका गल्लीत गेली. यजमान गेल्यावर घर विकून ती माझ्याच बिल्डिंगमध्ये, गंगापूर रोडला, आठव्या मजल्यावर राहायला आली. इथे वारा छान येतो आणि दार कोणी वाजवत नाही. तेव्हा तिने फारसी शिकायला घेतलं. लोक योगासनं करतात, हिने फारसी केलं. मालेगावच्या निवृत्त शिक्षिका जुबेदा आपा तिला फोनवर शिकवतात. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

आपांनीच तिला आजच्या एका इराणी लेखिकेची कथा दिली आणि विजयाने ती मराठीत आणली. कथा अशी. वाळवंटाच्या कडेला एक गाव, गावात एक अरुंद गल्ली. गल्लीतल्या बायका मिळून गोष्ट सांगतात. 'मी' कुठेच नाही, सगळीकडे 'आम्ही'. आम्ही पीठ मळत होतो, आम्हाला तिचं हसणं आवडायचं नाही, आम्हीच तिला औषध नेऊन दिलं. ही 'ती' म्हणजे माहरुख नावाची एक विधवा. एका पहाटे ती दाराला कडी घालते आणि कायमची निघून जाते. मध्येच, काही न सांगता, गोष्ट माहरुखच्या हातात जाते आणि तीच बोलू लागते. मग थोडा वेळ तिचं रिकामं घर बोलतं. शेवटी पुन्हा 'आम्ही'. विजया म्हणते, फारसी कथांमध्ये असं बरेचदा होतं. सांगणारा बदलतो, आपण निमूटपणे मागे जायचं.

तिढा पडला तो एका जागी. त्या पहाटेबद्दल बायका म्हणतात, "आम्ही सगळ्या झोपलो होतो." आणि लगेच पुढचं वाक्य, "आम्ही तिला जाताना पाहिलं."

एका दिवाळी अंकाच्या संपादकांना कथा आवडली होती. त्यांनी विजयाला फोन केला. "झोपलेल्या बायका पाहतील कशा? एकतर तुमचं भाषांतर चुकलंय, नाहीतर लेखिका चुकली आहे. एक बाई जागी ठेवा, तिला नाव द्या आणि सगळी कथा तिच्या तोंडून सांगा. लगेच घेतो." सोमवारपर्यंत कळवायचं होतं. विजयाचं आजवर काही छापून आलेलं नाही. तिला स्वतःचं नाव अंकात पाहायचं होतं आणि का पाहायचं नाही? त्याच वेळी ती मला सारखी म्हणत होती, "शालू, ते वाक्य मी चुकीचं लावलं असेन का? चुकलं असेल तर बदलते. नसेल तर कसं बदलू?"

मी तिला माझ्या परीने मदत केली. सातपूरच्या कारखान्याच्या ऑफिसात मी आयुष्यभर फाइली लावल्या, त्यामुळे मला गोंधळ बघवत नाही. मी कथेतल्या 'आम्ही'चा तक्ता केला. गल्लीत पाच बायका आहेत असं धरलं, पाचजणींना पाच रंग दिले आणि कोणतं वाक्य कोणाचं ते ठरवलं. कोणाची खिडकी कुठल्या बाजूला, कोणाला पहाटे जाग येते, सगळं. हिरव्या रंगाच्या बाईला मी दमा दिला, म्हणजे ती रात्रभर जागी राहील. विजयाने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "आपण आपांकडेच जाऊ."

नाशिकहून निघालो

इथून थोडा वेळ भाऊसाहेब बोलतील. कथेत चालतं तर इथेही चालेल. त्यांनी मला जे सांगितलं तेच लिहिते.

"आम्ही सात वाजता निघालो. आम्ही म्हंजे मी आन् गाडी. मॅडमनी मालेगाव सांगितलं. चांदवडवरून सरळ रस्ता हाय ते आम्हाला म्हायती व्हतं, पन आमची बहीण सटाण्याला हाय आन् तिचं मिक्सरचं भांडं दुरुस्त करून आनलेलं व्हतं. मॅडमला रस्त्याचं काय कळत नाय असं आम्हाला वाटलं. वणी आली तवा मागून आवाज आला, 'भाऊसाहेब, हा चांदवडचा रस्ता नाही.' आम्ही म्हनलो, 'इकडून डोंगर लय भारी दिसतो.' डोंगर ढगात व्हता. मॅडम म्हनल्या, 'कुठला डोंगर?' मंग आम्ही गाणी लावली."

पुन्हा मी. डोंगर खरंच दिसत नव्हता, पण रस्ता सुरेख होता. श्रावणातलं ते हिरवं रान, मक्याची शेतं, मध्येच द्राक्षांच्या बागांचे नुसते खांब आणि तारा. घरांच्या शेजारी कांद्याच्या लांबलचक चाळी. चाळ म्हणजे माणसांची नव्हे, कांदे साठवायची हवेशीर जाळीदार शेड. तिच्यावरून वारा आला की गाडीत वास. विजयाचा त्या दिवशी संकष्टीचा उपवास होता आणि ती म्हणाली, "वासाने उपवास मोडत असता तर ह्या तालुक्यात कोणी केलाच नसता."

सटाणा

भाऊसाहेबांची बहीण मीराबाई दारातच उभी होती. भांडं हातात घेऊन आधी तिने ते उन्हात फिरवून पाहिलं, मग आमच्याकडे वळली. "या माय, बठा." ह्या भागात अहिराणी बोलतात, आपलं 'आहे' तिथे 'शे' होतं. तिने आम्हाला डाळिंबाचे दाणे दिले, गडद लाल, एका वाटीत काठोकाठ. मेलबर्नला तुम्ही पाकिटातले खाता, तसले नाहीत.

दोन शेजारणी डोकावल्या. मीराबाईने त्यांना सांगितलं, "ह्या नासिकन्या मास्तरनी शेतस." आम्ही मास्तरणी नव्हतो, पण बोलायला फुरसत मिळाली नाही. पहिल्या शेजारणीने मागून येऊन उभ्या राहिलेल्या तिसरीला सांगितलं, की ह्या मालेगावच्या शाळेत लागल्या आहेत. तिसरीने भाऊसाहेबांना विचारलं, "पगार कितला शे?" वाटी रिकामी होईपर्यंत आम्हाला नोकरी लागली होती, खोली मिळत नव्हती आणि एकीचा मुलगा परदेशातून पैसे पाठवत नव्हता. तुमच्या बाबांची बाजू घ्यावी म्हणून मी म्हणाले, "पाठवतो, पाठवतो." त्यावर तिघींनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

गाडीत बसताना विजया म्हणाली, "तुझा तक्ता काढ बरं. आता हे कोण म्हणालं ते सांग."

मी तक्ता काढला नाही.

मालेगाव

गावात शिरलो की आधी आवाज येतो. यंत्रमागांची खटखट, गल्लीगल्लीतून, घराघरातून. पहिली पाच मिनिटं वाटतं डोकं दुखेल, मग ती खटखट पावसासारखी मागे जाते आणि तुम्हीही मोठ्याने बोलायला लागता. मालेगावच्या बायका मोठ्याने बोलतात त्यात रागाचा भाग नाही, ते मागांच्या वरताण ऐकू जावं म्हणून.

फोनवर आपांचा आवाज इतका भारदस्त, की विजयाने मनात त्यांना सहा फुटी करून ठेवलं होतं. दार उघडलं ते तिच्या खांद्याएवढ्या बाईंनी. दोघींनी एकमेकींना वरून खाली मापलं. मग आपा म्हणाल्या, "आवाज़ से तो आप दुबली लगती थीं." विजया म्हणाली, "आवाज से आप उंच लगती थीं." तिचं फारसी शुद्ध आहे, हिंदी नाशिकचं आहे.

आपांनी विजयाच्या उपवासासाठी नवी कढई आणवून साबुदाण्याची खिचडी केली होती. सून शबाना ती फोनवर व्हिडिओ पाहून शिकली होती. खिचडी उत्तम मोकळी झाली होती, दाणा दाणा सुटा, वर ओलं खोबरं. आणि आत भरपूर परतलेला कांदा. कांद्याशिवाय एखादा पदार्थ मुद्दाम कोणी करत असेल हे त्या घरात कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, आणि उपवासाला तो चालत नाही हे आम्हीही कधी सांगितलं नव्हतं. मी विजयाकडे पाहिलं. विजयाने बशीकडे पाहिलं. मग तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "बहोत मऊ हुआ है."

ह्या ठिकाणी हकिकती फुटतात. विजया आता म्हणते, कांदा तिला कळलाच नाही. भाऊसाहेब म्हणतात, कांदा नव्हताच, बटाटा होता. मी शेजारी बसले होते.

जेवणानंतर विजयाने कथा काढली. आपांनी चष्मा लावला आणि ती दोन वाक्यं फारसीत मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा हळू. "हम सब सोए हुए थे. हम ने उसे जाते देखा." त्यांनी चष्मा काढला. "बराबर है. आपने कुछ नहीं बिगाड़ा."

"पण आपा, संपादक म्हणतात चूक आहे. सोए थे तो देखा कैसे?"

मला वाटलं आता माझी वेळ आली. मी तक्ता पुढे केला आणि हिरव्या बाईचा दमा समजावून सांगितला. आपांनी तो नीट पाहिला, शबानाला दाखवला आणि म्हणाल्या, "मैडम ने तो पूरी गली का राशन कार्ड बना दिया."

शबाना हसून खाली बसली. मीही हसले, पण तक्ता घडी घालून पिशवीत ठेवला.

तेवढ्यात लाइट गेली आणि सगळ्या गावाचे माग एकदम थांबले. इतकी शांतता झाली, की आपण किती मोठ्याने बोलत होतो त्याची लाज वाटावी. शेजारच्या राबिया खाला दारात येऊन बसल्या. "नसीम की शादी याद आई," त्या म्हणाल्या. नसीम म्हणजे आपांची नणंद. आणि मग तिघी सांगायला लागल्या. कोण काय म्हणालं ते मी शक्य तेवढं वेगळं करून लिहिते.

"ऐसी ही लाइट गई थी," आपा म्हणाल्या. "बारात गली में आई, सब चुप. दूल्हा घोड़े पे, शान से."

"सफ़ेद घोड़ा," राबिया खाला म्हणाल्या.

"काला था खाला, सेहरा सफ़ेद था," शबाना म्हणाली.

"बस, हमारे दरवाज़े पे पहुँचे और लाइट आ गई. सब लूम एक साथ चालू. घोड़ा ऐसा भड़का, सीधा कारखाने में."

"घोड़ा अंदर, दूल्हा अंदर. बाहर खाली बाजेवाले."

"बाजा बजाते रहे. उनको किसी ने बंद करने को बोला ही नहीं."

"फिर दूल्हा निकला," शबानाने पदर खोचला, कारण गोष्टीचा हा भाग तिचा होता. "गर्दन में सूत, कान में सूत, पगड़ी में सूत. हम लोग सब छत पे. हँस हँस के पेट दुख गया. हम लोग ने नसीम फुप्पी को आवाज़ दी, नीचे आ, तेरा दूल्हा बुन के आया है."

आम्ही दोघी डोळे पुसत होतो. पण माझी सवय जात नाही. मी विचारलं, "शबाना, तुम कौनसी छत पे थी?"

"मैं? मैं तो धुलिया में थी आंटी. मेरा तो निकाह भी नहीं हुआ था, स्कूल जाती थी."

"अभी तो बोली, हम लोग ने देखा."

"हाँ तो देखा ना," ती म्हणाली. मी एवढं सोपं विचारते आहे ह्याचं तिला नवल वाटलं. "घर ने देखा तो हम लोग ने देखा."

विजया ताठ बसली होती. तिने राबिया खालांना विचारलं, "और आप? आप छत पे थीं?"

"मैं कहाँ छत पे. मुझे बुखार था. मैं अंदर सोई थी."

"सोई थीं?"

"बेहोश सोई थी," खाला ठामपणे म्हणाल्या. "लेकिन घोड़ा सफ़ेद था."

लाइट आली, माग सुरू झाले आणि पुढचं कोणाला काही ऐकू आलं नाही. आपांनी सुलेमानी चहा आणला, लिंबू पिळलेला, दूध नसलेला. विजया हसत नव्हती. ती शबानाकडे पाहत होती.

मला मात्र त्या चहाबरोबर एक गोष्ट लख्ख आठवली. मीही तुम्हाला किती वेळा सांगितलं आहे, की पूर आला की आम्ही गोदावरीवरच्या रामसेतू पुलावरून पाण्यात उड्या मारायचो आणि एकदा आमची चड्डी वाहून गेली. मला पोहता येत नाही. ती चड्डी तुमच्या आजोबांची, त्यांच्या वयाच्या दहाव्या वर्षी. तेव्हा मी कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी कविता पाठ करत होते आणि त्या मुलाचं नावही मला ठाऊक नव्हतं. तरी मी 'आमची' म्हणते आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत. लग्न होऊन घरी आलं, की मुसलमानांकडे काय आणि आपल्याकडे काय, बाईला दागिने कमी-जास्त मिळतात, पण घराच्या जुन्या गोष्टी सगळ्या मिळतात.

निघताना आपांनी विजयाचा हात धरला. "संपादक साहब से पूछना, वो कभी औरतों में बैठे हैं?"

राहूड घाट

येताना आम्ही सरळ रस्त्याने आलो. भाऊसाहेबांकडे आता द्यायचं काही नव्हतं. चांदवडच्या अलीकडे ह्या घाटात विजया बोलू लागली.

"पंचवटीत आमच्या गल्लीत असंच होतं. समोरच्या काकूंच्या बाळंतपणाची गोष्ट मी सांगायचे, माझ्या लग्नाची त्या सांगायच्या. ह्या फ्लॅटमध्ये आल्यापासून मी सगळं 'मी' म्हणून सांगते. आज चहा केला. मी केला. आज बरं वाटत नाही. मला."

मी म्हणाले, "विजू, आता तू संपादकांना काय कळवणार?"

"तेच बघतेय. ती कथा मी का घेतली, ते मला आज कळलं. एकीला जागी ठेवली आणि बाकीच्या काढल्या, तर माहरुख जाते कोणाला सोडून?"

तिने भाऊसाहेबांना गाडी एका ढाब्यापाशी थांबवायला लावली आणि तिथल्या बाकावर बसून संपादकांना फोन लावला. मी पलीकडे बसले होते आणि ते मोठ्याने बोलत होते.

"विजयाताई, बोला. ठरलं का? कोणती बाई जागी आहे?"

"कोणीच नाही. सगळ्या झोपल्या आहेत."

"अहो, पण मग पाहिलं कोणी?"

"सगळ्यांनी."

माणूस भला आहे, आवाज चढवला नाही. "ताई, वाचक मला पत्रं लिहितील. तेवढं एक वाक्य तरी काढा. एकच वाक्य. बाकी सगळं 'आम्ही' ठेवा, माझी हरकत नाही."

ही सूट त्यांनी पहिल्यांदाच दिली होती. मी विजयाला हाताने खूण केली, घे म्हणून. तिने माझ्याकडे पाठ केली.

"ते वाक्य काढलं तर त्या नुसत्या शेजारणी राहतात," ती म्हणाली. "नाही काढत."

"मग ह्या वर्षी जमणार नाही, ताई. वाईट वाटतंय."

"मलाही," विजया म्हणाली आणि फोन ठेवला.

तिचे डोळे भरले होते. भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि विचारलं, "ताई, काय सांगू? साबुदाणा वडा हाय इथं."

"कांदाभजी सांगा," विजया म्हणाली. "उपवास दुपारीच मोडलाय. अंगारकी नाही, साधी संकष्टी आहे. गणपती समजून घेईल."

मी ऐकलं, भाऊसाहेबांनी ऐकलं, भजी तळणाऱ्यानेही ऐकलं. आता ती काही म्हणो.

घरी आल्यावर

दिवाळी अंक आला. त्यात विजयाची कथा नाही. अंक तिने विकत घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि एकही कथा बरी नाही असं जाहीर केलं. मग दोन बऱ्या आहेत असं कबूल केलं.

कथा ती आता वाचून दाखवते. आधी माझ्या हॉलमध्ये वाचली, मग आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी खालच्या हॉलमध्ये पुन्हा वाचायला लावली. त्या जागेपाशी एकीने विचारलं, "झोपल्या होत्या ना?" दुसरीने तिला गप्प केलं आणि विचारणारीच नंतर सगळ्यात जास्त बोलली. हल्ली विजयाचं दार वाजतं. कधी साखरेसाठी, कधी माहरुख पुढे कुठे गेली ते विचारायला. ते कथेत नाही, त्यामुळे रोज नवीन उत्तर निघतं.

आपांचा फोन दर आठवड्याला येतो. शबानाच्या धुळ्याच्या बहिणीने आम्ही आलो होतो त्या दिवसाची गोष्ट तिथे कोणाला तरी सांगितली आणि तिच्या सांगण्यात ती स्वतः आम्हाला चहा देते. खिचडीत आता कांदा नसतो, असं आपा म्हणाल्या. विजयाने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. भाऊसाहेबांना विचारायचं राहिलं आहे.

मूळ कथेतली ती दोन वाक्यं विजयाच्या मराठीत अजून एकाखाली एक आहेत. तिने त्यांतला एक शब्दही हलवलेला नाही.